काळी-पिवळीतली माणसं

फ्लेक्सच्या धंद्यात कोरी जागा नावाची गोष्ट नसते. गिऱ्हाईक फुटावर पैसे देतं, आणि त्या फुटातली बोटभर जागा जरी मोकळी राहिली तरी त्याचा जीव तुटतो. "ताई, इथी खाली काऊन सोडलं?" हा प्रश्न मी रोज ऐकते. मग तिथे गुलाबाचं फूल येतं, नाहीतर वाघाचं तोंड, नाहीतर शुभेच्छुकाच्या मेहुण्याचा फोटो. ब्रह्मपुरीत बसस्टँडकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. अब्बा ब्रशनं बोर्ड रंगवायचे. भाईनं कॉम्प्युटर आणला. भाई गेल्यापासून मी बसते. घरात आमची हिंदी, गल्ल्यावर इथली झाडीबोली आणि फ्लेक्सवर छापील मराठी, असा आमचा तिहेरी कारभार आहे.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. माझं लग्न बल्लारपूरला झालं होतं, ते टिकलं नाही. परत आले तेव्हा गल्लीतल्या बायांनी हळहळून हळहळून मला नकोसं केलं. भाईनं मात्र एक शब्द विचारला नाही. दुसरी खुर्ची आणून कॉम्प्युटरसमोर ठेवली आणि म्हणाला, "बैठ. ये सरपंच की मुंडी काट के दे." फोटोतून डोकं कापून बॅनरवर चिकटवणं हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. माझ्या हातून सरपंचाचा अर्धा कान गेला, भाई पोट धरून हसला, आणि मी कामाला लागले.

आम्ही ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो ते फुकट आहे. फुकट म्हणजे चोरीचं नव्हे. जगभरातली माणसं फावल्या वेळात ते लिहितात, दुरुस्त करतात आणि कोणीही वापरावं म्हणून मोकळं सोडतात. भाईला हे कळलं तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. "कुछ तो मतलब होगा उनका," असं म्हणत तो महिनाभर त्यांचा डाव शोधत होता. डाव सापडला नाही, तेव्हा त्याला लाज वाटली आणि त्यांना आपलंही काहीतरी द्यावं असं त्यानं मनावर घेतलं. पैसे देण्यासारखे नव्हते. म्हणून त्यानं चित्र काढायला घेतलं.

चित्र होतं वडशाला जाणाऱ्या काळी-पिवळी जीपचं. वैनगंगेपलीकडे जायला एसटीही आहे. पण एसटी वेळ झाली की निघते आणि जीप भरली की निघते, आणि आमच्याकडच्या लोकांचा भरवसा भरलेल्या गाडीवर जास्त. भाईनं जीप भरली ती अशी: आतले आत होतेच, मागच्या पायरीवर लोंबकळणारे वेगळे, टपावर धानाची पोती, पोत्यांवर विडी ओढणारा म्हातारा, ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर, एका बाईच्या मांडीवर कोंबडी आणि कोंबडीच्या अंगावर दुसरीचं पोरगं. एकेक चेहरा निराळा. मधल्या सीटवर तोंड वाकडं करून बसलेली बाई मी आहे, आणि हे त्यानं मला न विचारता केलं. दुकान बंद करायच्या आधी रोज तो जीपमध्ये एखादं माणूस वाढवायचा. चित्र पुरं झाल्यावर त्यानं ते त्या सॉफ्टवेअरच्या वेबसाइटवर पाठवलं. तिथे वापरणाऱ्यांनी काढलेल्या चित्रांचं एक दालन होतं, त्यात ते लागलं. खाली त्याचं नाव. आमच्या तालुक्यात त्याचे किती फ्लेक्स लागले असतील याला गणती नाही, पण एकावरही त्याचं नाव नव्हतं.

तो गेला तो अचानक. छातीत कळ आली, इथल्या डॉक्टरांनी पुढे न्यायला सांगितलं, आणि गडचिरोलीला पोहोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. चौकातल्या त्याच्या दोस्तांनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. आमच्यात ती पद्धत नाही, पण दोस्त ऐकणारे नव्हते. फ्लेक्स बनवायला ते आले ते आमच्याच दुकानात. दुसरीकडे कुठे जाणार होते? मीच केला. त्याचं डोकं फोटोतून मीच कापलं. खाली शुभेच्छुकांच्या जागी शोकाकुल म्हणून दोस्तांचे चेहरे बसवले, आणि तेव्हाही त्यातला एक जण हळूच म्हणाला की माझा फोटो थोडा मोठा होईल का. मी तो मोठा करून दिला. आजही श्रद्धांजलीचं काम आलं की माझा हात जड होतो.

भाभी मुलांना घेऊन नागपूरला माहेरी गेली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न होता. पण अब्बा-अम्मी आधीच गेलेले, दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी एकटी उरले. दिवसा गिऱ्हाईक असतं. मात्र वाघाच्या धास्तीनं खेड्यातली माणसं उन्हं उतरायच्या आत गावाला लागतात, आणि मग दुकानात मी आणि पंखा. अशा वेळी मी ती वेबसाइट उघडायची आणि जीप बघत बसायची. मला एकटं वाटायचं. याला दुसरा शब्द नाही आणि मला तो शोधायचाही नाही.

एके दिवशी वेबसाइटच्या डोक्यावर पिवळी पट्टी दिसली. वेबसाइट जुनी झाली आहे, आता नवी करणार आहोत, हातभार लावायला माणसं हवीत, असं त्यावर लिहिलं होतं. आमच्याकडे रस्ता रुंद करायचा म्हणून बोर्ड लागला की पहिल्यांदा कोणाची टपरी जाते हे मी लहानपणापासून बघितलं आहे. जुनं पाडून नवं करताना आमची जीप कुठे जाईल, हे कोणाला विचारायचं? बाहेर राहून विचारणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही. म्हणून मी आत शिरले.

खरं नाव मी दिलं नाही. तिथे सगळेच टोपणनावं घेतात. मी धानाच्या एका जुन्या वाणाचं नाव घेतलं. जीप माझ्या भावाची आहे, तो आता नाही, हेही मी सांगितलं नाही. त्याचं कारण सरळ आहे. गावात मी दारात दिसले तरी लोकांचे आवाज खाली यायचे. आधी 'बिचारी परत आली', मग 'बिचारीचा भाऊ गेला'. बिचारी या शब्दाचा मला इतका वीट आला होता की त्या परक्या लोकांत तरी मला तो नको होता. तिथे मी फक्त काम करणारी होते.

काम करणारे आम्ही जेमतेम मूठभर. सगळ्यांना गोळा करून कामं वाटून देणारी ब्राझीलची एक पोरगी होती, सतत हसणारी. आणि चित्रदालन सांभाळणारा नॉर्वेचा एक म्हातारा होता, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. बाकीचे येऊन-जाऊन. शनिवारी आमच्याकडे दिवेलागण व्हायची तेव्हा सगळे मीटिंगला जमत. कॅमेरे बंद, नुसते आवाज. माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं आणि त्यांचंही कोणाचं फार थोर नव्हतं, त्यामुळे जमायचं.

म्हाताऱ्याशी माझं पहिल्या दिवसापासून वाजलं. नव्या वेबसाइटचं पहिलं पान त्यानं आखलं होतं. वर एक ओळ, खाली एक चित्र, आणि उरलेलं सगळं पांढरं. मी म्हटलं, पान अर्धं राहिलं आहे. तो म्हणाला, पान पूर्ण आहे, ती मोकळी जागा मुद्दाम सोडली आहे. मी म्हटलं, आमच्याकडे असं पान दिलं तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल. तो हसला नाही. त्याचं म्हणणं, बघणाऱ्याच्या डोळ्याला उसंत हवी. मी म्हटलं, उसंत हवी असेल त्यानं डोळे मिटावेत. ब्राझीलची पोरगी मात्र खूप हसली. शेवटी पांढरी जागा राहिली, पण म्हाताऱ्यानं माझ्यासाठी कोपऱ्यात एक छोटं फूल काढलं. ते इतकं छोटं होतं की दिसायचंही नाही, तरी मला बरं वाटलं.

तिथला एक नियम मला फार आवडायचा. आपल्या कामाला आपणच मान्यता द्यायची नाही. साधा एक शब्द बदलला तरी दुसऱ्या कोणीतरी तो वाचून होकार दिल्याशिवाय तो पानावर चढत नसे. दुकानात मी एकटी ठरवायची, एकटी करायची, चुकलं तर एकटी भरायची. इथे मी सकाळी एखादी ओळ लिहून ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत नॉर्वेहून उत्तर आलेलं असायचं: "वाचलं. चांगलं आहे. ही रेघ जरा डावीकडे घे." आपण केलेलं कोणीतरी नीट बघितलं, एवढ्याच गोष्टीवर मी तेव्हा दिवस काढत होते. मीटिंग संपली की एकेक आवाज कमी व्हायचा, शेवटी माझाच चौकोन उरायचा, आणि मग रस्त्यावरून परतणाऱ्या मोटरसायकली ऐकू यायला लागायच्या.

चित्रदालनाची पाळी आली तेव्हा घोडं अडलं. जुन्या काळी लोकांनी चित्रं दिली होती ती जुन्या अटींवर. नव्या वेबसाइटच्या अटी वेगळ्या, म्हणून प्रत्येक चित्रकाराचा नव्यानं होकार घ्यायला हवा. ज्याचा होकार येईल त्याचं चित्र राहील, ज्याचा येणार नाही त्याचं उतरवलं जाईल. म्हाताऱ्यानं हे सांगितलं. ब्राझीलच्या पोरीनं विचारलं, आणि कोणी वारलं असेल तर? म्हातारा म्हणाला, घरच्यांनी तसं एका ओळीत कळवावं, आपण चित्र ठेवू आणि नावापुढे दिवंगत म्हणून खूण लावू.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. मला नाही वाटत. त्या खुणेचा विचार आला आणि चौकातला फ्लेक्स डोळ्यांपुढे उभा राहिला. उन्हानं त्याचा रंग उडाला, मग पावसानं तो फाटला, मग कोणीतरी तो काढून गोठ्यावर टाकला. त्या गोठ्यावरून जाताना भाईचा कान दिसायचा. जगात एक जागा अशी उरली होती जिथे तो नुसता एक चित्रकार होता, मेलेला चित्रकार नव्हता. तिथे मी आपल्या हातानं तसं लिहून देऊ?

होकार मागायला सगळ्यांना मेल पाठवायचा होता. मजकूर कोणीतरी लिहिला तो कोर्टाच्या समन्ससारखा होता. मी म्हटलं, अशानं कोण उत्तर देईल? माणसाला बोलावताना माणसासारखं बोलावावं. ब्राझीलची पोरगी म्हणाली, मग तूच लिही. निमंत्रणं लिहिण्यात माझा जन्म गेला आहे, बारशापासून उद्घाटनापर्यंत. मी सोप्या इंग्रजीत लिहिलं: 'खूप दिवस झाले, तुमची खबर नाही. तुमचं चित्र अजून आमच्या भिंतीवर आहे आणि आम्ही ते रोज बघतो. आम्ही नव्या घरात चाललो आहोत. ते चित्र सोबत न्यावं असं वाटतं. न्यायचं ना? होय असेल तर खालचं बटण दाबा. काही नाही लिहिलंत तरी चालेल, एवढं एक कराच.' म्हाताऱ्यानं मजकूर वाचला आणि पहिल्यांदाच एकही रेघ इकडेतिकडे करायला सांगितली नाही. मजकुराला होकार त्याचाच.

भाईचा फोन मी बंद केला नव्हता. दुकानाचा नंबर तोच, सगळी गिऱ्हाइकं त्याच्यावरच फोटो पाठवतात, तो बंद करून चालणारच नव्हतं. तो टेबलावर माझ्या फोनशेजारी असतो. मेल जाणार हे मला माहीत होतं, कधी जाणार हेही माहीत होतं, आणि तरी त्या दिवशी मी एका माणसाशी भांडत होते. पोळ्याच्या शुभेच्छांचा फ्लेक्स होता आणि तो म्हणत होता, "ताई, बैलाचा फोटो माह्याहून मोठा दिसून राह्यला." मी म्हणत होते, पोळा बैलाचाच आहे. तेवढ्यात भाईचा फोन वाजला. गिऱ्हाइकानं फोटो पाठवला असेल म्हणून मी उचलला.

वर भाईचं नाव होतं, मशिनीनं घातलेलं. नमस्कार, अमुक. आणि खाली: खूप दिवस झाले, तुमची खबर नाही.

ते मी जगातल्या अनोळखी लोकांसाठी लिहिलं अशी माझी समजूत होती. शब्द माझे, रेघ न रेघ मला पाठ, आणि तरी ते दुसऱ्याच कोणीतरी त्याला लिहिलं आहे असं वाटलं. आम्ही ते रोज बघतो. आम्ही कोण? मीच. मी खाली बघून रडायला लागले. पोळ्याचं गिऱ्हाईक घाबरलं. "राहू द्या ताई, बैल मोठाच राहू द्या," असं म्हणून ते निघूनच गेलं.

मग मी बटण दाबलं. होय.

आमच्या सगळ्यांना दिसेल अशी एक यादी होती, ज्याचा होकार येईल त्याच्या नावापुढे हिरवी खूण उमटायची. भाईच्या नावापुढे उमटली. मी ती बघितली, कॉम्प्युटर बंद केला आणि वर जाऊन चहा केला. कित्येक महिन्यांनी मला भूक लागली होती. जीप नव्या घरात जाणार, खाली नुसतं नाव असणार, कोणती खूण नाही, कोणती हळहळ नाही. एवढंच मला हवं होतं.

शनिवारी म्हातारा मीटिंगला आला तो बोलतच आला. एरवी एकेक शब्द तोलून बोलणारा माणूस, पण त्या दिवशी थांबेना. म्हणाला, जीपवाला परत आला! त्या इंडियन माणसाचा होकार आला! मला वाटलं होतं तो आपल्याला कायमचा सोडून गेला. ब्राझीलच्या पोरीनं टाळ्या वाजवल्या. मी माझा आवाज बंद ठेवला. मीटिंगभर तो मध्येच म्हणायचा, जीपवाला आला, बरं झालं. इतक्या जुन्या चित्रांचा तो राखणदार, पण हा आनंद एकाच चित्राचा कशासाठी, हे मला कळेना.

ते दुसऱ्या दिवशी कळलं. भाईच्या फोनवर म्हाताऱ्याचा मेल आला. हा मशिनीचा नव्हता, त्यानं बसून लिहिलेला होता. त्यानं लिहिलं होतं, मित्रा, तू मला ओळखलं नसशील, तेव्हा मी दुसऱ्या नावानं लिहायचो आणि माझ्या नावापुढे बर्फानं झाकलेल्या घराचं चित्र असायचं. तुझ्या जीपखाली मी शेरा लिहिला होता की माणसं फार झाली, निम्मी काढ. त्यानंतर तू कधी बोललाच नाहीस. मी तुला वेबसाइटवरच्या निरोपांत पुन्हा लिहिलं, माफीही मागितली, तू उत्तर दिलं नाहीस. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, आणि एका माणसाचा हात माझ्यामुळे थांबला असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आता तू होय म्हणालास. पण एक अक्षरही लिहिलं नाहीस. अजून रागावला आहेस का?

मी तो मेल पुन्हा पुन्हा वाचला. बर्फवाला! भाईनं त्याला हेच नाव ठेवलं होतं. हा तोच, हे मला इतक्या महिन्यांत कळलं नव्हतं, कारण आता त्याच्या नावापुढे एक पेन्सिल असते.

आमच्या गावात माणूस चार दिवस दिसला नाही तर कोणीतरी दार वाजवतं. तिथे दार नाही. तिथे माणूस लिहायचा थांबला की राहिलेले समजतात, रुसला. त्या म्हाताऱ्यानं मेलेल्या माणसाचं रुसणं इतकी वर्षं उरावर वाहिलं होतं, आणि मी बटण दाबून त्याला सांगितलं होतं की होय, तो जिवंत आहे, फक्त तुझ्याशी बोलत नाही. मला स्वतःचा असा राग आला की मी भाईचा फोन उताणा होता तो पालथा घातला.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. आणि बोललं तर जे वाचवायला मी आत शिरले ते जाणार होतं. जीप नव्हे, पण जीपखालचं ते निखळ नाव. आठवडाभर मी दोन्ही बाजूंनी विचार केला. शनिवारी मी म्हाताऱ्याला लिहिलं, मीटिंग संपल्यावर थांबाल का.

सगळे गेले. दोनच चौकोन उरले. मी म्हटलं, तुमच्या मेलबद्दल बोलायचं आहे. जीपवाल्याला लिहिलेल्या.

तो म्हणाला, तो मेल तुला कसा दिसला?

मी म्हटलं, त्याचा फोन माझ्याजवळ असतो. तो माझा भाऊ. तो रुसला नव्हता. तुम्ही शेरा लिहिलात त्याच आठवड्यात तो वारला. होय मी म्हटलं, त्यानं नाही.

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं आता तो ते नेहमीचं म्हणेल, फार वाईट झालं, तू बिचारी. तो म्हणाला, मग ती हिरवी खूण मला काढावी लागेल. आपल्या होकाराला आपणच होकार देत नाही.

मी म्हटलं, काढा.

तो म्हणाला, आता तू घरची म्हणून एक ओळ लिही. चित्र राहील. दिवंगत म्हणून खूण लागेल, ती मी स्वतः लावीन आणि लहान ठेवीन.

मी तिथेच ती ओळ लिहिली. हात जड झाला होता, पण लिहिली. त्यानं वाचून मान्य केल्याचं मला पडद्यावर दिसलं. मग त्यानं विचारलं, त्यानं माझा शेरा वाचला होता का?

खोटं बोलणं सोपं होतं. नाही वाचला म्हटलं असतं तर म्हातारा सुटला असता. पण मला ती संध्याकाळ आठवत होती, हातात ताट घेऊन फोन नाचवणारा भाई आठवत होता, आणि त्याला गप्प करायचा हक्क मला नव्हता. मी म्हटलं, वाचला. खूप चिडला.

काय म्हणाला?

मी आधी हिंदीतच बोलले, कारण ते दुसऱ्या भाषेत येईना. "जगा खालीच रखनी रहती तो मैं जीप कायको बनाता? बोलो उस बर्फवाले को, एक दिन वडसा की जीप में बैठ के दिखा!" मग माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. रिकामीच ठेवायची असती तर जीप कशाला काढली असती. एकदा येऊन बस म्हणावं. आणि दोन शिव्या दिल्या, त्या मी सांगणार नाही.

म्हातारा हसला. मी त्याला कधी हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता त्याचा आवाज फाटला आणि तो म्हणाला, बरोबर आहे. बरोबर होतं त्याचं. मग म्हणाला, त्या शिव्याही सांग.

मी सांगितल्या. त्या इंग्रजीत सांगायच्या म्हणजे आधी भाईची सगळी तऱ्हा सांगावी लागली: तो चिडला की कसा उभा राहून जेवायचा, कोणावर चिडला हे विसरून पुन्हा पोळी मागायचा, आणि त्या रात्री आणखी दोन माणसं जीपमध्ये घालतो म्हणून कसा हटून बसला होता.

म्हातारा म्हणाला, आणखी काय म्हणाला?

भाई गेल्यापासून साऱ्या गावानं मला विचारलं होतं की तो कसा गेला. कुठे होता, काय खाल्लं होतं, आधी काही त्रास होता का. मी ते इतक्यांदा सांगितलं की मलाही त्याचं मरणच तेवढं आठवायला लागलं होतं. तो आणखी काय म्हणाला, हे मला कोणीही विचारलं नव्हतं. मी डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि सांगत राहिले.